कोपरी–ऐरोली रेडिओ दुवा : सिग्नल मोजणीच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

ठाणे पूर्वेला कोपरीत एका सातमजली इमारतीच्या गच्चीवर प्रेषक (ट्रान्समीटर) आणि ऐरोलीत आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर ग्राहक (रिसीव्हर), अशी मांडणी आज कायम झाली. खाडीकाठच्या संवेदकांकडून येणारी पाण्याच्या पातळीची माहिती कोपरीच्या गच्चीपर्यंत तारेने आणायची आणि तिथून ८६६ मेगाहर्ट्‌झवर लोरा या कमी शक्तीत लांबवर थोडी माहिती पाठवणाऱ्या रेडिओ पद्धतीने ऐरोलीला पाठवायची, असा बेत आहे. दोन्ही गच्च्यांमधले हवाई अंतर नकाशावर ३.२ किलोमीटर भरते. मध्ये ठाण्याची खाडी आणि काठाला तिवरांचा पट्टा. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे १ वॉटपर्यंतच्या प्रेषकाला परवान्याविना वापरता येतो. आमचा प्रेषक २५ मिलिवॉटचा आहे, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही.

माहिती पाठवण्याआधी सिग्नल नीट मोजून घ्यायचा आहे आणि ही वही केवळ त्या मोजणीसाठी आहे. विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगितले की ‘रेंज चांगली आहे’, ‘सिग्नल वीक आहे’ असली वाक्ये या वहीत यायची नाहीत. आकडा लिहायचा, आणि त्याच ओळीत फ्रिक्वेन्सी, बँडविड्थ (मोजलेल्या पट्ट्याची रुंदी), अँटेना, तिची उंची, केबल आणि वेळ यांची नोंद करायची. नुसता ‘−९०’ असा आकडा दिसला तर ती ओळ खोडली जाईल.

ग्राहकाच्या तोंडाशी पोहोचणारी शक्ती इतकी थोडी असते की ती वॉटमध्ये लिहायची तर दशांशचिन्हानंतर शून्यांची रांग लागते. म्हणून १ मिलिवॉट हा पाया धरून त्याच्याशी असलेले गुणोत्तर डेसिबलमध्ये मांडतात आणि त्या एककाला डीबीएम म्हणतात. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. १० डेसिबल वाढले की शक्ती दसपट होते आणि ३ डेसिबल वाढले की जवळजवळ दुप्पट. एवढ्या दोन गोष्टी पाठ असल्या की बहुतेक हिशेब तोंडी होतात. १०० मिलिवॉट म्हणजे २० डीबीएम. ते दोनदा निम्मे केले की २५ मिलिवॉट, म्हणून आमचा प्रेषक १४ डीबीएमचा. −९० डीबीएम म्हणजे मिलिवॉटचा एक अब्जांश भाग, आणि तोही लोराच्या दृष्टीने भरपूर आहे, हे ऐकल्यावर दोघातिघांनी वहीत पुन्हा शून्ये मोजली.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

दिवसभर टेबलावरचे काम. आमच्याकडे मोजणीसाठी आरटीएल-एसडीआर डोंगल आहे. हे संगणकाला लावायचे, मूळचे टीव्हीसाठी बनवलेले, स्वस्तात मिळणारे उपकरण. त्याच्या पडद्यावर दिसणारे डेसिबल हे डीबीएम नव्हेत. त्यातला आठ बिटांचा रूपांतरक जास्तीत जास्त जेवढा आकडा दाखवू शकतो, त्याच्या खाली सिग्नल किती आहे एवढेच तो सांगतो. त्यामुळे लाभ, म्हणजे गेन, बदलला की सिग्नल तसाच असूनही पडद्यावरचा आकडा हलतो, आणि स्वयंचलित गेन चालू असेल तर तो आपला आपण हलत राहतो. मोजणीत स्वयंचलित गेन कायमचा बंद ठेवायचा असे ठरले.

प्रयोगशाळेतल्या सिग्नल जनरेटरमधून ८६६ मेगाहर्ट्‌झचा −५० डीबीएमचा शुद्ध सूर काढला, तो सिग्नल किती डेसिबलने कमी करतात हे माहीत असलेल्या अ‍ॅटेन्युएटरांमधून डोंगलला दिला आणि १०-१० डेसिबलने खाली उतरत गेलो. ठरावीक गेनवर पडद्यावरचा आकडा आणि खरा आकडा यांच्यातला फरक मधल्या पट्ट्यात एकसारखा राहिला. वरच्या टोकाला डोंगल भरून वाहू लागले आणि खालच्या टोकाला सूर त्याच्या स्वतःच्या नॉइजमध्ये, म्हणजे आतल्या नकोशा खरखरीत, बुडाला. हा मधला पट्टाच आपल्या उपयोगाचा. पट्टीवर किती आकडे छापले आहेत यापेक्षा त्यांतले कोणते आकडे विश्वासाचे आहेत, हे आधी ठरवायला हवे. हाच सूर १०० मेगाहर्ट्‌झवर देऊन पाहिला तेव्हा फरक बदलला. म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी आणि प्रत्येक गेनसाठी वेगळी दुरुस्ती लागणार. तक्ता करून भिंतीवर लावला आहे.

शेजारच्या विभागातले हौशी रेडिओचा परवाना असलेले एक सर सहज डोकावले. त्यांच्या सेटवर डीबीएम नसतात, एस-मीटर असतो. त्याचा संकेत असा की ३० मेगाहर्ट्‌झच्या खाली एस-९ म्हणजे −७३ डीबीएम, त्याच्या वर एस-९ म्हणजे −९३ डीबीएम, आणि प्रत्येक पायरी ६ डेसिबलची. सरांच्या म्हणण्यानुसार हा संकेत पाळणारे सेट फारसे आढळत नाहीत. त्यांनी आपला छोटा सेट आमच्या जनरेटरला लावून पाहिला. एस-९ च्या आसपास तो ठीक होता, खालच्या पायऱ्या मात्र जेमतेम तीन-तीन डेसिबलच्या निघाल्या. सर हसून म्हणाले, “तरी मी वीस वर्षं लोकांना रिपोर्ट देतोच आहे.”

२५ जानेवारी २०२५, शनिवार

आजचा विषय बँडविड्थ. या प्रकल्पात सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतील असे मला वाटते, म्हणून इथे वेळ घालवला.

एका विद्यार्थिनीने फ्रिक्वेन्सीनुसार शक्ती दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर रिकाम्या जागेतला नॉइज मोजला. पडद्यावरची पातळी −११० डीबीएम होती. तिने विभेदन बँडविड्थ १० किलोहर्ट्‌झवरून १०० किलोहर्ट्‌झ केली आणि पातळी १० डेसिबलने वर आली. अँटेना लावलेलीच नव्हती, बाहेरून काही येण्याचा प्रश्न नव्हता. मग जनरेटरचा सूर दिला आणि बँडविड्थ पुन्हा बदलली, तर सुराचे टोक जागचे हलले नाही. कारण सरळ आहे. सुराची सगळी शक्ती एका बारीक रेघेत असते, ती अरुंद खिडकीतूनही पूर्ण येते आणि रुंद खिडकीतूनही. नॉइज मात्र सगळीकडे सारखा पसरलेला असतो, त्यामुळे खिडकी दसपट रुंद केली की तो दसपट आत येतो. म्हणून सुराची शक्ती सांगताना बँडविड्थ नाही सांगितली तरी एक वेळ चालेल, पण नॉइजचा आकडा बँडविड्थशिवाय सांगितला तर तो आकडाच नव्हे.

याचा पायाभूत आकडा म्हणजे −१७४ डीबीएम प्रति हर्ट्‌झ. साधारण खोलीच्या तापमानाला कुठल्याही रोधकात इलेक्ट्रॉनांच्या हालचालीमुळे एवढा नॉइज असतोच आणि कितीही महागडे यंत्र आणले तरी तो टळत नाही. आमच्या लोराची बँडविड्थ १२५ किलोहर्ट्‌झ आहे. तिचे डेसिबल ५१ होतात, म्हणून −१७४ अधिक ५१ म्हणजे −१२३ डीबीएम. ग्राहकाच्या पहिल्या टप्प्यातले मंडल स्वतःचा सुमारे ६ डेसिबल नॉइज त्यात मिसळते, म्हणजे नॉइजची जमीन −११७ वर आली. लोराची खुबी ही की तो या जमिनीखालचा सिग्नलही उलगडतो. स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे प्रत्येक चिन्ह किती लांबवून पाठवायचे त्याचा आकडा, ७ ठेवला तर सिग्नल नॉइजपेक्षा ७.५ डेसिबलने खाली असला तरी चालतो, आणि १० ठेवला तर १५ डेसिबलने. दहाच्या बाबतीत हिशेब −१३२ वर येतो आणि चिपच्या माहितीपत्रकातही त्या मांडणीसाठी तोच आकडा आहे. कागदावरचा हिशेब आणि उत्पादकाचा आकडा असे जुळले की मुलांचा सूत्रावर विश्वास बसतो; नुसते फळ्यावर लिहून तो बसत नाही.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

केबल मोजली. आरजी-५८ चा १० मीटरचा तुकडा ८६६ मेगाहर्ट्‌झवर साडेपाच डेसिबल खातो, म्हणजे अँटेनेने पकडलेल्या शक्तीतली जेमतेम चतुर्थांश खाली पोहोचते. ग्राहकाची पेटी गच्चीवरच अँटेनेपाशी ठेवायची आणि खाली फक्त वीज व डेटाची तार आणायची असे ठरले. आता दोन्ही टोकांच्या छोट्या केबली आणि कनेक्टर मिळून घट ३ डेसिबल धरली आहे.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

ऐरोलीच्या गच्चीवर पहिल्यांदा डोंगल नेले. हात बसावा म्हणून आधी एफएमचा पट्टा पाहिला. १००.७ वर एफएम गोल्ड, १०७.१ वर एफएम रेनबो, मधली खाजगी केंद्रे, सगळे उंच उंच. पण ११३.५ मेगाहर्ट्‌झवरही एफएमसारखाच एक डोंगर दिसला आणि ऐकल्यावर त्यात बोलणे आणि गाणे एकमेकांत मिसळून येत होते. १०८ च्या वरचा तो पट्टा विमानांच्या दिशादर्शनाचा. तिथे गाणे वाजण्याचे कारण नाही.

मुलांना लगेच उत्तर न सांगता १०७.१ ची दुप्पट करून त्यातून १००.७ वजा करायला सांगितले. उत्तर ११३.५ आले. डोंगलच्या पहिल्या टप्प्यात दोन बलाढ्य केंद्रे एकत्र शिरली की तो टप्पा सरळ रेषेत चालत नाही आणि असे खोटे सिग्नल आतल्या आत तयार होतात. ते खोटे आहेत हे ओळखायची रीत अगदी सोपी आहे. अँटेना आणि डोंगल यांच्यामध्ये १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर घातला. १००.७ आणि १०७.१ बरोबर दहा-दहा डेसिबलने उतरले आणि ११३.५ वरचा डोंगर नॉइजमध्ये दिसेनासा झाला, कारण या जातीचा खोटा सिग्नल एकास तीन या प्रमाणात, म्हणजे तीस डेसिबलने उतरतो. यापुढे गच्चीवर कुठलाही सिग्नल नोंदवताना अ‍ॅटेन्युएटर घालून एकदा आणि काढून एकदा पाहायचे. फरक अ‍ॅटेन्युएटरएवढाच आला तर आकडा वहीत, नाहीतर नाही.

आमच्या ८६६ ला हाच धोका वेगळ्या दिशेने आहे. ८६९ मेगाहर्ट्‌झपासून मोबाइल कंपन्यांचे टॉवरकडून फोनकडे येणारे सिग्नल सुरू होतात आणि समोरच्या दोन इमारतींवर टॉवर आहेत. अँटेना त्यांच्या दिशेला असताना १२५ किलोहर्ट्‌झमधला नॉइज −१११ पर्यंत वर आलेला दिसला. हिशेबातल्या जमिनीपेक्षा ६ डेसिबल जास्त. अरुंद पट्ट्याचा कॅव्हिटी फिल्टर मागवला आहे.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

कोपरीच्या गच्चीवर प्रेषक उभा केला. खांब रोवत असताना सातव्या मजल्यावरच्या एक मावशी वर आल्या. “टॉवर बसवताय का हो? सोसायटीत ठराव नाही झाला.” सेक्रेटरींचे पत्र दाखवले आणि प्रेषक हातात देऊन सांगितले की याची शक्ती मोबाइल टॉवरच्या शक्तीपुढे काहीच नाही, तुमच्या हातातला फोनसुद्धा यापेक्षा जास्त शक्तीने बोलू शकतो. मावशींनी ते ऐकून घेतले आणि मग खरी अडचण सांगितली : महिनाभरात पापड-कुरडयांचे वाळवण गच्चीवर पडेल, तेव्हा तुमची ये-जा जरा बेताने असू द्या. मान्य केले.

दुव्याचा कागदी हिशेब आधीच करून ठेवला होता. मोकळ्या अवकाशातली घट काढण्यासाठी ३२.४४ मध्ये मेगाहर्ट्‌झमधल्या फ्रिक्वेन्सीचे आणि किलोमीटरमधल्या अंतराचे वीस-लॉग, म्हणजे लॉगॅरिदमची वीसपट, मिळवायचे. आमच्यासाठी ती १०१.३ डेसिबल येते. १४ डीबीएम शक्ती, दोन्ही अँटेनांचा २-२ डेसिबल लाभ, केबलीची ३ डेसिबल घट : अपेक्षित आकडा −८६.३ डीबीएम.

एका विद्यार्थ्याने रास्त शंका काढली. अवकाशात तर अडवणारे काही नाही, मग जास्त फ्रिक्वेन्सीला घट जास्त का? घट अवकाशात होत नाही. एका चौरस मीटरमधून जाणारी शक्ती फक्त अंतरानुसार विरळ होते, फ्रिक्वेन्सीशी तिला देणेघेणे नसते. पण तोच लाभ असलेली अँटेना जास्त फ्रिक्वेन्सीला आकाराने लहान होते आणि वाऱ्यावरची कमी शक्ती गोळा करते. म्हणजे सूत्रातले फ्रिक्वेन्सीचे पद हे खरे तर अँटेनेचे पद आहे. हॅराल्ड फ्रिस यांनी १९४६ मध्ये हे समीकरण मांडले तेव्हा अँटेनेच्या क्षेत्रफळाच्या भाषेतच मांडले होते, आणि शिकवायला मला तीच मांडणी बरी वाटते. याच कारणाने एखाद्या जागेची क्षेत्रतीव्रता मायक्रोव्होल्ट प्रति मीटरमध्ये सांगतात आणि ग्राहकाच्या तोंडाशी येणारी शक्ती डीबीएममध्ये. पहिली त्या जागेची, दुसरी आपल्या अँटेनेची आणि केबलचीही. १०० मेगाहर्ट्‌झवर आणि ८६६ वर क्षेत्रतीव्रता सारखीच असली, तरी सारख्या लाभाच्या अँटेनेतून दुसऱ्या ठिकाणी जवळपास १९ डेसिबल कमी मिळतात.

प्रत्यक्षात ऐरोलीला पहिला आकडा −९१ आला. गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या तारेपासून अँटेना हातभर अंतरावर होती. खांब तिच्यापासून तीन मीटर लांब सरकवला तेव्हा आकडा −८८ झाला. जस्ताच्या त्या तारेवर एरवी कोणी दुसरी नजर टाकली नसती. दोन्ही अँटेना उभ्याच आहेत ना, हे ओळंबा लावून पाहिले. एक उभी आणि एक आडवी झाली तर वीस डेसिबलही सहज जाऊ शकतात.

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

छोटी नोंद. फोनमधले दांडे किती डीबीएमचे, असा प्रश्न आला. त्याला सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक उत्पादक आपापले उंबरे ठरवतो. २०१० मध्ये अ‍ॅपलने आयफोनमधले दांड्यांचे गणित चुकीचे असल्याचे स्वतः जाहीर करून ते बदलले होते. फोनच्या आतल्या मेन्यूत ‘आरएसआरपी’ म्हणून दिसणारा आकडा अधिक प्रामाणिक आहे, मात्र तो एलटीईच्या (४जीच्या) एकाच १५ किलोहर्ट्‌झच्या उपवाहकाची सरासरी शक्ती सांगतो. १० मेगाहर्ट्‌झच्या वाहिनीत असे ६०० उपवाहक असतात. ते सगळे भरलेले असताना अख्ख्या वाहिनीची शक्ती त्या आकड्यापेक्षा जवळजवळ २८ डेसिबल जास्त भरते. फोन −९५ म्हणतो आणि अ‍ॅनालायझर −६७, तरी दोघेही बरोबर असू शकतात.

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आठवडाभराच्या स्वयंचलित नोंदी उतरवून घेतल्या. आकडा स्थिर नाही. तो −८४ आणि −८९ यांच्या दरम्यान हळूहळू वर-खाली होतो, तासातासाने, एखाद्या गुळगुळीत लाटेसारखा. पावसाचे दिवस नाहीत, अँटेना हललेली नाही, प्रेषकाची शक्ती पॉवर मीटरवर पुन्हा तपासली तर तेवढीच. तापमानाचा संशय घेतला, पण लाटेची शिखरे दिवसाच्या ठरलेल्या वेळेला येत नाहीत. रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकतात आणि दिवसातून दोनदा येतात.

संध्याकाळी कोपरीच्या गच्चीवर केबल बांधायला मदतीला आलेले चेंदणी कोळीवाड्यातले काका आलेख पाहून म्हणाले, “ही तर भरती आहे.” आज तृतीया. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, असा त्यांचा हिशेब. तीनची पाऊणपट सव्वादोन. आलेखातले आजचे शिखर दोन-अडीचच्या दरम्यानच आहे. पाण्याची पातळी मोजण्यासाठी उभारलेला दुवा स्वतःच पातळीप्रमाणे डोलत होता.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. कोपरीहून निघालेली लहर ऐरोलीला दोन वाटांनी पोहोचते, एक थेट आणि एक खाडीच्या पाण्यावरून उसळून. दोन्ही अँटेना उधाणाच्या भरतीच्या पाण्यापासून अनुक्रमे साधारण २० आणि १४ मीटर उंच आहेत. दोन वाटांतला फरक म्हणजे उंचींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर : सुमारे साडेसतरा सेंटिमीटर. ८६६ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी ३४.६ सेंटिमीटर, म्हणजे फरक अर्ध्या तरंगाचा. पाण्यावरून इतक्या तिरप्या कोनात परावर्तित होताना लहर उलटी होते, तोही अर्धा तरंगच. दोन्ही मिळून पूर्ण तरंग होतो आणि दोन लहरी एकमेकींना पाठिंबा देतात. पाणी उतरले की दोन्ही उंची वाढतात, फरक अर्ध्या तरंगापुढे सरकतो आणि पाठिंबा ओसरतो.

पाण्यावर लाटा असताना परावर्तन विस्कटणार नाही का, हा पुढचा प्रश्न आला. लहर पाण्याला जेमतेम पाऊण अंशाच्या आतल्या कोनात शिवते. रॅलेच्या निकषाने या कोनात आणि या तरंगलांबीला पृष्ठभागावरचे चढउतार साडेतीन-चार मीटरचे होईपर्यंत तो गुळगुळीतच मानायचा असतो. खाडीतल्या हातभर लाटा तिच्या हिशेबी नाहीत.

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

माघ वद्य नवमी, भांगाचे दिवस. भरती-ओहोटीतला फरक कमी असल्याने आकड्याचे डोलणे दोन डेसिबलच्या आत आले आहे. हिशेबाप्रमाणे पाण्यातला फरक पावणेदोन-दोन मीटरचा धरला तर दीड-पावणेदोन डेसिबल यायला हवेत. समाधानकारक.

१ मार्च २०२५, शनिवार

अमावास्येनंतरचे उधाण. पहाटेपासून अंधार पडून ओहोटी पूर्ण होईपर्यंत दोन्ही टोकांना माणसे बसवली. कोपरीला काकांनी धक्क्याच्या पायऱ्यांवर खडूने खुणा करून पाण्याची पातळी टिपली. ऐरोलीच्या गच्चीवरून सकाळच्या ओहोटीत चिखलावर रोहित पक्ष्यांची रांग स्पष्ट दिसत होती. दोन विद्यार्थी दुर्बीण त्यांच्याकडेच वळवून बसले होते, ती परत घ्यावी लागली.

आजचा आलेख सर्वांत शिकवणारा. दुपारी दीडच्या आसपास −८४ चे शिखर आले आणि पाणी उतरू लागले तसा आकडा खाली गेला. हिशेब सांगत होता की चार मीटरच्या पुढे पाणी उतरेल तिथपर्यंत घसरण चालूच राहील, पण संध्याकाळी −८९ च्या जरा अलीकडे आलेख सपाट झाला, पाणी अजून उतरत असतानाही. काकांच्या खुणा आणि घड्याळ जुळवले तेव्हा उलगडा झाला. परावर्तन जिथे होते ती जागा कोपरीपासून साधारण १,९०० मीटरवर येते, आणि खालच्या ओहोटीत तिच्या आसपास बराचसा भाग ओल्या चिखलाचा उघडा पडतो. ओला खारट चिखल या कोनात पाण्याइतकाच चांगला आरसा आहे, फक्त तो खाली जात नाही. म्हणून सिग्नलवरून पाण्याची पातळी काढता येईल, या विद्यार्थ्यांच्या उत्साही कल्पनेला वरच्या अडीच-तीन मीटरपुरतीच मर्यादा आहे. शिवाय एका आकड्यात पातळी, केबलचे तापमान आणि कनेक्टरचा गंज हे सगळे मिसळलेले असते. संवेदक काढायचे नाहीत.

८ मार्च २०२५, शनिवार

ग्राहकाची चिप देते तो ‘आरएसएसआय’ कुठपर्यंत खरा मानायचा, हे तपासले. प्रेषकाच्या बाजूला १०-१० डेसिबलचे अ‍ॅटेन्युएटर वाढवत गेलो. सुरुवातीला आकडा इमानाने दहा-दहा उतरला, −११० च्या जवळ येताच रेंगाळला आणि नंतर जागचा हलेना. माहितीची पाकिटे मात्र अजूनही शाबूत येत होती. आरएसएसआय हा वाहिनीत असलेल्या सगळ्या शक्तीचा आकडा आहे, सिग्नल आणि नॉइज मिळून. सिग्नल नॉइजखाली गेला की तो नॉइजचाच आकडा सांगत बसतो. त्या भागात चिपने दिलेले सिग्नल-नॉइज गुणोत्तर उपयोगी पडते. नॉइज −१११ आणि गुणोत्तर −८ असेल तर सिग्नल −११९. तक्त्यात आता दोन्ही रकाने आहेत.

सरासरीचाही निकाल लावला. एकाने डीबीएमचे आकडे तसेच बेरजेत घेऊन सरासरी काढली होती. −८० आणि −१०० ची तशी सरासरी −९० येते, पण शक्तीची खरी सरासरी −८३ आहे, कारण −१०० डीबीएमची शक्ती −८० पुढे शंभरात एक. नॉइजच्या बाबतीत डेसिबलची सरासरी खऱ्या शक्तीपेक्षा अडीच डेसिबल कमी दाखवते, हे ठरलेलेच आहे. आधी मिलिवॉट, मग सरासरी, मग पुन्हा डीबीएम. आज्ञावली त्याप्रमाणे बदलली आणि जुन्या नोंदी तिच्यातून पुन्हा काढल्या.

१५ मार्च २०२५, शनिवार

कॅव्हिटी फिल्टर बसला. टॉवरच्या दिशेचा नॉइज −१११ वरून −११५ वर आला. फिल्टरची स्वतःची घट दीड डेसिबल, तरी व्यवहार फायद्याचा. उधाणाच्या ओहोटीतला सर्वांत वाईट आकडा −८९ आणि फिल्टरची घट धरून −९०.५. स्प्रेडिंग फॅक्टर ७ ला −१२२.५ पर्यंत चालते. म्हणजे ३२ डेसिबल शिल्लक.

एवढी शिल्लक असताना स्प्रेडिंग फॅक्टर १० चा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तिथे प्रत्येक चिन्हाला आठपट वेळ लागतो आणि वाहिनी विनाकारण अडते. फॅक्टर ७ कायम केला. प्रेषकाची शक्ती १४ वरून ८ डीबीएमवर आणली. तरीही २६ डेसिबल हाती राहतात, ते पावसाळ्यासाठी, गंजलेल्या कनेक्टरसाठी आणि गच्चीवर उद्या कोणी पाण्याची नवी टाकी बसवली तर तिच्यासाठी. कनेक्टरांवर रबरी टेप गुंडाळून घेतली. खांब वाळवणाच्या जागेपासून दूर, टाकीच्या कठड्याला बांधला आहे. पुढची मोजणी जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात, त्यातली निदान एक उधाणाच्या दिवशी.